जावयाचं घड्याळ

माझ्या मनगटाकडे बघून नांदेडात लोक पहिला प्रश्न विचारतात तो एकच. ओरिजिनल हाय का? मी नाही म्हणतो. मग समोरचा हसतो. त्या हसण्यात थोडी कीव असते आणि बरीचशी सुटका. शेजाऱ्याकडे खरी वस्तू नाही हे कळलं की माणसाला जेवण गोड लागतं, हे मी इतक्या वर्षांत नीट पाहून ठेवलं आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो आणि नकली घड्याळं जमवतो. नकली म्हणजे बड्या परदेशी कंपन्यांच्या घड्याळांच्या हुबेहूब नकला. बाजारात त्यांना फर्स्ट कॉपी म्हणतात. गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापड अंथरून विकणारे असतात, त्यांच्याकडे उन्हात बसून मी घड्याळं निवडली आहेत. काही कुरिअरने मागवली आहेत. घरी आणलं की मागचं झाकण काढायचं, आतलं रद्दी मशीन बाहेर काढायचं आणि तिथे चांगलं जपानी मशीन बसवायचं. काच बदलायची, काटे बदलायचे, चावी सैल असेल तर नीट करायची. पण या सगळ्याच्या आधी माझं एक ठरलेलं काम असतं. डायलवर छापलेलं कंपनीचं नाव मी पुसून टाकतो. कापसाचा बोळा आणि थोडं थिनर लागतं, आणि हात हलका लागतो. कधीकधी त्यात डायलचाच सत्यानाश होतो, तरी मी पुसतो. खोटं बोलणारी तेवढी अक्षरं काढली की उरतं ते सरळ साधं घड्याळ. ते कोणाची बरोबरी करत नाही आणि वेळ बरोबर दाखवतं.

बायको शेजारणींना सांगायची की दुसऱ्यांचे नवरे पत्ते कुटतात, आमचे घड्याळं उघडतात, एवढाच काय तो फरक. नातेवाइकांनी माझं नाव डुप्लिकेट मास्तर पाडलं होतं. त्यात पुढाकार माझ्या थोरल्या भावाचा. दादा लातूरला इंजिनिअर आहे, मोठमोठ्या इमारती बांधतो. लग्नकार्यात चारचौघांत माझा हात वर धरून तो म्हणायचा, "हे बघा आमच्या मास्तराचं घड्याळ, नाव पुसलेलं." सगळे हसायचे आणि मीही हसायचो. मला त्याचा राग येत नसे. आता येतो.

आमच्या घरात एक खरं घड्याळ होतं. निदान सगळे तसं समजत होते. ते अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं. अण्णा उदगीरला हायस्कुलात मास्तर होते, मूळचे निलंग्याकडच्या शेतकरी घरातले. त्यांच्या लग्नाच्या काळी आमच्याकडे जावयाला घड्याळ घालायची रीत होती. सायकल आणि रेडिओ मागेपुढे झाले तरी चालत, पण हातात घड्याळ न घालता नवरदेव मांडवात उभा राहिला तर वऱ्हाडात कुजबुज व्हायची. अण्णा घरात पहिले शिकलेले. म्हणून सुपारी फुटायच्या बैठकीत त्यांच्या चुलत्यांनी साधं घड्याळ चालणार नाही, स्विस पाहिजे म्हणून हट्ट धरला. माझे आजोबा, आईचे वडील, नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान चालवायचे. ते लगेच हो म्हणाले आणि हैदराबादहून सोनेरी स्विस घड्याळ घेऊन आले. झाकणावर त्यांनी अक्षरं कोरून घेतली होती, ‘जावईबापूंस सप्रेम भेट’. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. ती कंपनी अजून जोरात चालू आहे आणि या भानगडीशी तिचा काही संबंध नाही.

त्या घड्याळाने आईला सासरी उभं केलं. हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. आई शहरातली, मोठ्या अंगणात सडा-सारवण करायची सवय नसलेली. तिच्या भाकरीवरून, चालण्यावरून, बोलण्यावरून जावा टोमणे मारायच्या. पण गोष्ट फार पुढे गेली की ते चुलतेच म्हणायचे, "तिच्या बापानं स्विस घातलंय, तुमच्या बापानं काय घातलं?" मग सगळ्या गप्प व्हायच्या. हा प्रसंग आम्ही पोरांनी इतक्यांदा ऐकला की तो आमच्या घरचा इतिहासच झाला. अण्णा तर ते घड्याळ दिसावं म्हणून डाव्या हाताची बाही एक घडी जास्त दुमडत. उदगीर स्टेशनवर गाडी उशिरा आली की मनगट पुढे करून स्टेशनमास्तरला चार शब्द ऐकवत.

अण्णा थकल्यावर घड्याळही थकलं. एकदा आई नांदेडला आमच्याकडे आली तेव्हा ते रुमालात बांधून घेऊन आली. एरवी ते बिघडलं की ती माहेरी येताना मोंढ्याजवळच्या एका जुन्या घड्याळजीकडे स्वतः द्यायची आणि स्वतः परत न्यायची. तो घड्याळजी वारला होता. ती म्हणाली, तूच बघ, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको. मला फार बरं वाटलं. पहिल्यांदाच कुणी तरी माझ्या छंदाला काम दिलं होतं आणि तेही आमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या वस्तूचं.

मी टेबलावर पांढरा कागद अंथरला, डोळ्याला भिंग लावलं आणि झाकण उघडलं. आत पाहिलं आणि परत झाकण लावून टाकलं. नंतर पुन्हा उघडलं, पण आत होतं तेच होतं. स्विस घड्याळाच्या मशीनमध्ये चाकांच्या टोकांना बारीक लाल खडे बसवलेले असतात, म्हणजे चाकं झिजत नाहीत. इथे एकही खडा नव्हता. पत्र्याच्या भोकात चाकं फिरून फिरून भोकं लांबट झाली होती. डायलवर मात्र सतरा खड्यांचं म्हणून छापलं होतं. कंपनीच्या नावातली अक्षरंसुद्धा भिंगाखाली वाकडी दिसत होती. असली घड्याळं तेव्हा मुंबई-हैदराबादच्या चोरबाजारात मिळायची, हे मी पुढे जुन्या जाणकारांकडून ऐकलं. त्या काळची फर्स्ट कॉपीच ती. आयुष्यभर मी रस्त्यावर बसून नकली घड्याळं शोधत होतो आणि एक माझ्या बापाच्या मनगटावर माझ्या जन्माच्या आधीपासून होतं.

मला आधी हसू आलं. मग आजोबांची दया आली, कारण मला वाटलं हैदराबादच्या कुठल्या तरी दुकानदाराने भोळ्या आडत्याला टोपी घातली. आणि शेवटी भीती वाटली. आईला हे कळलं तर तिचं काय होईल? ज्या एका गोष्टीच्या बळावर ती सासरी मान वर करून राहिली ती पत्र्याची निघाली, हे म्हातारपणी तिला कोण सांगणार? मी तर सांगणार नव्हतो. बायकोला तेवढं सांगितलं, कारण तिने माझा चेहरा पाहिला होता.

मशीन दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. म्हणून मी मला येतं ते केलं. त्याच मापाचं जपानी मिळालं नाही, म्हणून चांगलं नवीन चिनी मशीन आणलं, डायलच्या मागचे खिळ्यासारखे पाय कापून ती त्यावर बसवली, काटे पॉलिश केले आणि सगळं त्याच केसमध्ये घातलं. जुनं मशीन एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत ठेवून दिलं. डायलवरच्या नावाला हात लावला नाही. माझ्या हातून गेलेलं ते एकच घड्याळ, ज्याचं खोटं नाव मी पुसलं नाही.

अण्णांनी कानाला लावून पाहिलं. म्हणाले, "बघ, स्विस माल. इतकी वर्षं झाली तरी कसं पळायलंय." मी मान डोलावून हाव म्हणालो. पुढे ते गेले तेव्हा घड्याळ चालू होतं. ते थोरल्याला जायचं म्हणून दादाकडे गेलं आणि आईही त्याच्याकडे लातूरला राहायला गेली. घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

मग दादाच्या मुलाचं लग्न ठरलं. साखरपुड्यात अण्णांचं घड्याळ नातवाच्या हातात घालायचं असं दादाच्या मनात आलं. कल्पना छानच होती. ती त्याने तेवढ्यावर ठेवली असती तर बरं झालं असतं. पण दादाला प्रत्येक गोष्टीला मुलामा द्यायची सवय. त्याने घड्याळ साफ करून चमकवून आणायला हैदराबादला त्याच कंपनीच्या मोठ्या शोरूममध्ये नेलं. तिथल्या माणसाने झाकण उघडून दोन मिनिटांत परत केलं. म्हणाला, साहेब, मशीन नवं आहे, चिनी आहे, केस आणि डायलही आमच्या कंपनीची नाही. झाकणावरची कोरलेली अक्षरं तेवढी जुनी दिसतायत.

दादा थेट नांदेडला आला. सोबत आई होती. दुपारची वेळ, मी माझ्या खोलीत टेबलापाशी. तो बसला नाही. खोलीत नजर फिरवली. ट्रेमध्ये उघडी घड्याळं होती, नाव पुसलेल्या डायली, चिमटे, स्क्रू ड्रायव्हर, सुट्या मशीनची डबडी. माझी ती खोली मला तोवर देवघरासारखी वाटायची. त्या दिवशी त्याच्या नजरेने मला ती दिसली आणि पोलिसांनी पंचनाम्याला मांडून ठेवल्यासारखी दिसली. त्याने घड्याळ टेबलावर टाकलं.

"खरं कुठं हाय?" तो म्हणाला.

मला आधी समजलंच नाही. मग त्याने सगळं सांगितलं, शोरूम, तो माणूस, त्याच्यासमोर झालेली शोभा. त्याचा हिशोब अगदी बिनचूक होता. तो जुना घड्याळजी वारल्यावर घड्याळ घरातल्या एकाच पोराच्या हातात दुरुस्तीला गेलं. तो पोरगा नकला करण्यात वस्ताद. त्याने खरं घड्याळ काढून घेतलं, हुबेहूब नकली तयार केलं आणि कोरलेली अक्षरं ओळखू येतील म्हणून झाकण तेवढं जुनंच ठेवलं. मी गणिताचा मास्तर आहे. दिलेल्या गोष्टींवरून याच्याहून वेगळं उत्तर मलाही काढता आलं नसतं. तो ओरडत नव्हता. "अण्णा जिवंत असताना त्यांच्याच हातातलं काढून घेतलंस," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

डबी माझ्या उजव्या हाताच्या खणात होती. खण ओढायचा, डबी उघडायची आणि ते बिनखड्यांचं मशीन त्याच्या पुढ्यात ठेवायचं, एवढंच करायचं होतं. त्याला कळलं नसतं तर शोरूमच्या माणसाला कळलं असतं. पण दारात आई उभी होती, पदर डोक्यावर घेऊन, चौकटीला हात लावून. माझी सुटका व्हायची ती तिच्या बापाची बेअब्रू करूनच. मी खणाला हात लावला नाही. म्हटलं, आई काही तरी बोलेल. हा असलं करणार नाही, इतकं तरी म्हणेल. लहानपणी शेजारच्या पोरांनी माझ्यावर आळ घेतला तरी ती भांडायला जायची.

आई म्हणाली, "असंल त्याच्यापाशी, तर दिईल तो. तू शांत हो."

दादाचा फोन वाजला, तो बोलत खाली गाडीपाशी गेला. बायको स्वयंपाकघरात चहा टाकून उभी होती, तिच्या हातातली भांडी जरा जास्तच वाजत होती. आई खोलीत आली आणि दार लोटून घेतलं. माझ्याकडे न बघता तिने विचारलं की जुनं मशीन आहे का अजून.

तिला माहीत होतं. लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. त्या साली आजोबांची आडत बसली होती आणि बैठकीत शब्द तर देऊन बसले होते. हैदराबादहून आल्यावर ते आजीला सांगत होते की हुबेहूब आहे, कुणाच्या बापाला कळायचं नाही. ते आईने भिंतीपलीकडून ऐकलं. आजोबांना कुणी टोपी घातली नव्हती, टोपी त्यांनीच घातली होती. त्यानंतर साऱ्या संसारात आईने डोळ्यात तेल घालून ते घड्याळ राखलं. उदगीरच्या घड्याळजीकडे कधी जाऊ दिलं नाही. माहेरच्या माणसाकडे आणलं, तो आजोबांच्या ओळखीतला, तोंड बंद ठेवणारा. तो गेल्यावर तिने विचार करून दुसरा माणूस निवडला, तो मी. माझ्या हाताला कसब आहे म्हणून ती माझ्याकडे आली नव्हती. "तू बघशील अन बोलणार न्हाईस, हे मला ठावं होतं," ती म्हणाली. अण्णांना माहीत होतं का, मी विचारलं. तिने मान हलवली, नाही.

मग तिने माझ्याकडून काय हवं ते सांगितलं, अगदी बाजारातून भाजी आणायला सांगावी तसं. "तुझी एवढी ओळख हाय या धंद्यात. त्याच कंपनीचं खरंखुरं जुनं आण, ते झाकण त्याला लाव अन दादाला दे. म्हण, चुकलं माझं. भाऊ हाय, इसरल. पोरीकडची माणसं उद्या विचारतील, तुझ्या आजोबाचं नाव कशाला निघायला पाहिजे?" आणि हात पुढे केला. मी खण उघडला आणि डबी तिच्या हातावर ठेवली. तिने मशीन काढून पदराच्या टोकाला बांधलं आणि कमरेला खोचलं. माझा एकमेव साक्षीदार तिथे गेला.

ती मंडळी निघून गेल्यावर मी आईचं म्हणणं सांगितलं आणि बायकोचा तोल सुटला. ती म्हणाली, चोरी कबूल करणार तुम्ही? न केलेली? तुम्हाला जमत नसेल तर मी फोन करून दादांना सांगते. मी तिला शपथ घातली. ती रडली आणि म्हणाली, "तुमच्या आईला दोन पोरं हायत, पण वापरायला एकच."

तसलं जुनं घड्याळ शोधायला बरेच दिवस गेले. शेवटी हैदराबादच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडे मिळालं, त्याच नमुन्याचं, खरंखुरं, लाल खड्यांचं. मी त्यात कशालाही हात लावायचं कारण नव्हतं. फक्त मागचं झाकण आजोबांचं पाहिजे होतं, ते किंचित मोठं, म्हणून कडा कानशीने घासून बसवलं. मग काचेवर अण्णांच्या घड्याळावर होते तसे ओरखडे पाडले. आयुष्यभर खऱ्याच्या नकला सुधारत आलो, आणि त्या दिवशी नकलेची खरी प्रत तयार केली. इतकं सफाईदार काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. त्या घड्याळाइतका तिटकारा मला दुसऱ्या कशाचाही आलेला नाही.

मी ते लातूरला नेऊन दादाच्या हातात दिलं. चुकलं, एवढंच म्हणालो. त्याने ते पुन्हा त्याच शोरूमला पाठवलं आणि यावेळी त्यांनी आदराने साफ करून परत केलं. दादाने मला माफ केलं. तसं त्याने मला सांगितलं, खांद्यावर हात ठेवून. तो खांदा मला अजून आपला वाटत नाही.

साखरपुडा लातूरच्या एका मंगल कार्यालयात झाला. दादाने घड्याळ मुलाच्या हातात घातलं आणि व्याह्यांना झाकणावरची अक्षरं वाचून दाखवली. म्हणाला, आमच्या आईच्या वडिलांनी घातलेलं, अस्सल. व्याह्यांनी हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि मान डोलावली. घरच्या प्रत्येक कार्यात दागिन्यांची पिशवी सांभाळायचं काम माझ्याकडे असायचं, कारण मी एका जागी बसून राहणारा माणूस. या वेळी वहिनीने ती तिच्या भावाकडे दिली. माझ्यासमोरून नेऊन दिली, आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. आईने मात्र पाहिलं, आणि समोर आलेल्या बाईला कुंकू लावायला वळली.

जेवणं झाल्यावर मी तिच्या पाया पडून निघालो. ती खुर्चीवर बसली होती, नवी साडी, चेहरा निवांत. इतकी निवांत मी तिला अण्णा असताना कधी पाहिली नव्हती. आता ते घड्याळ कुणीही, कुठेही, कितीदाही उघडून बघावं. तिने माझा हात धरला, जवळ ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "लई बेस केलंस बाबा. तुझ्या आजोबाचं नाव राहिलं."

मी विचारलं, "अन माझं?"

"तुझं काय," ती म्हणाली, "तू तर घरचाच हाईस."